चिलखत जिथे उघडे असते

समुद्रकाठच्या एका बंदरात एकदा एक वृद्ध वस्ताद राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी बंदराच्या पहारेकऱ्यांना तलवार शिकवली होती. आता गुडघे साथ देत नव्हते, नजर मंदावली होती. पण तालमीत एखाद्या शिष्याचे पाऊल चुकले, तर मातीवरच्या नुसत्या आवाजावरून त्यांना ते कळत असे.

त्यांच्या शिष्यांत धाकोजी हा एका नाखव्याचा मुलगा सर्वांत तरबेज. वय सव्वीस. हात इतका चपळ की वार दिसण्याआधी लागे. वस्तादांवर त्याची निष्ठा होती, आणि स्वतःच्या चपळाईवर त्याहून थोडी अधिक.

त्या वर्षी बंदरावर चाच्यांनी हल्ला केला आणि अकरा पहारेकरी मारले गेले. बंदराचा कारभार एक विधवा देसाईणबाई पाहत असत. अकराही घरी त्या स्वतः जाऊन आल्या आणि मग त्यांनी वस्तादांना बोलावून घेतले.

“वस्ताद, माझी माणसं शूर होती, तरी मेली,” त्या म्हणाल्या. “त्यांना शिकवण्यात काही कमी पडलं का, हे मला बघावं लागेल.”

“बघायलाच हवं, बाईसाहेब,” वस्ताद म्हणाले. “मीही रोज तेच बघतोय.”

त्याच बंदरात कोनराद नावाचा एक युरोपीय योद्धा सहा वर्षांपासून राहत होता. एका जहाजाने त्याला आजारी म्हणून किनाऱ्यावर उतरवले आणि ते जहाज पुन्हा आलेच नाही. बरा झाल्यावर तो इथलाच झाला. मासळी आवडीने खाई, मराठी मोडकीतोडकी पण न लाजता बोले. त्याच्यापाशी त्याच्या आजोबांच्या काळचे पोलादी चिलखत होते, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत माणसाला झाकून टाकणारे, आणि दोन्ही हातांनी धरायची एक लांब, सरळ, दुधारी तलवार. देसाईणबाईंना तो सरळ म्हणाला, “बाई, तुमची माणसं कापसाचा अंगरखा घालून लढतात. शिकवायचं काम मला द्या.”

देसाईणबाईंनी विचार केला आणि निर्णय दिला. कोनराद आणि वस्तादांचा एक शिष्य यांच्यात सर्वांसमक्ष सामना होईल. तलवारी खऱ्या, पण वार जिवावर बेतेल अशा ठिकाणी हात रोखायचा, आणि ज्याच्यावर तो वार आला त्याने हार मानायची. जो जिंकेल त्याच्याकडे बंदराची तालीम जाईल.

सामन्याला महिना उरला असताना पूर्वेकडच्या बेटांहून एक व्यापारी आला. आज आपण ज्या देशाला जपान म्हणतो, तिथल्या एका योद्ध्याची तलवार आणि त्याचे चिलखत त्याने आणले होते. तलवार किंचित वाकलेली, एकाच बाजूने धार असलेली. धारेलगत धुक्यासारखी एक पांढुरकी लाट लांबीभर गेलेली. व्यापाऱ्याने चटई पाण्यात भिजवून तिची बांबूभोवती घट्ट गुंडाळी केली आणि ती जमिनीत उभी रोवून धाकोजीच्या हाती तलवार दिली. धाकोजीने एक तिरका वार केला. गुंडाळीचा वरचा भाग क्षणभर जागीच राहिला आणि मग घसरून खाली पडला. आतल्या बांबूचा काप आरशासारखा गुळगुळीत होता.

“हिच्यासमोर जगातली कुठलीही तलवार उभी राहत नाही,” व्यापारी म्हणाला. “सामन्यासाठी घेऊन जा. नाव तुझं होईल, माझ्या मालाचंही होईल.”

धाकोजी त्या रात्री नीट झोपला नाही. सकाळी त्याने वस्तादांना विचारले, “मी हीच घेऊन उतरू का?”

वस्तादांनी तलवार हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि परत केली. “तुझी मर्जी,” एवढेच ते म्हणाले.

सामन्याच्या दिवशी किल्ल्याखालच्या वाळूत सारे गाव जमले. कोनराद पोलादात मढून आला, तेव्हा उन्हात त्याच्याकडे पाहवत नव्हते. धाकोजी साध्या जाड अंगरख्यात होता. इशारा होताच त्याने पहिला वार केला, दुसरा केला, तिसरा केला. तिन्ही बसले. प्रेक्षक मोजेपर्यंत त्याने सात वार केले आणि सातही बसले. पण प्रत्येक वार पत्र्यावरून पाण्यासारखा ओघळून गेला. सातव्या वाराला धारेतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा टवका उडाला. तो आवाज धाकोजीला स्वतःच्या दातात जाणवला.

मग कोनरादने एक विचित्र गोष्ट केली. पोलादी पंजांनी त्याने आपलीच तलवार पात्याकडून धरली, मूठ पुढे काढली आणि मुठीची आडवी दांडी आकड्यासारखी धाकोजीच्या गुडघ्यामागे अडकवून ओढली. धाकोजी पाठीवर आपटला. वर पाहतो तो तलवार पुन्हा सरळ झालेली आणि तिचे टोक आपल्या गळ्यापाशी.

“हरलो,” धाकोजी म्हणाला.

लोक हसले नाहीत, हेच त्याला जास्त लागले. घरी परतताना व्यापारी त्या टवक्याकडे पाहून काहीबाही पुटपुटत होता. धाकोजीला मात्र एकच गोष्ट डाचत होती. आपल्याला तलवारीने हरवलेदेखील नाही; मुठीने हरवले.

संध्याकाळी देसाईणबाई तालमीत आल्या. वस्ताद उठू लागले, तर त्यांनी हातानेच बसायला सांगितले. “चाळीस वर्षांचं काम एका सकाळीत मोडावं, असं मला वाटत नाही. महिनाभराने आणखी एक सामना. तो शेवटचा. त्यात जे होईल ते मी बदलणार नाही.”

“उपकार झाले, बाईसाहेब,” वस्ताद म्हणाले.

धाकोजीला वाटले, आता वस्ताद आपली राखून ठेवलेली विद्या बाहेर काढतील. एखादा गुप्त डाव, पोलाद भेदणारा एखादा वार. सकाळी तो तालमीत आला तेव्हा वस्ताद काठी टेकत निघाले होते. “चल,” म्हणाले, आणि त्याला घेऊन थेट कोनरादच्या दारी गेले.

कोनराद मासे साफ करत होता. हात पुसत उठला.

“कोनराद, तुझ्याकडे मागायला आलोय,” वस्ताद म्हणाले. “तुझं चिलखत पंधरा दिवस मला दे.”

धाकोजीचे कान तापले. ज्याच्याकडून हरलो त्याच्याच दारात याचना! कोनरादही गोंधळला. “कशाला? तोडायला?”

“तोडणार नाही. हा घालेल.” वस्तादांनी धाकोजीकडे बोट दाखवले. “नाही म्हणालास तरी राग नाही.”

कोनरादने मान डोलावली. मग आत जाऊन एकेक तुकडा आणून त्याने ओट्यावर ठेवला. “माझे आजोबा म्हणत, यात भोक नाही. तुझा शिष्य शोधू दे. सापडलं तर मला पण सांग.” तो मोकळेपणाने हसला, आणि कोणता पट्टा कुठे बांधायचा ते त्याने स्वतः धाकोजीला दाखवून दिले.

“आता काय करायचं?” परतताना धाकोजीने विचारले.

“घालायचं आणि रोजची कामं करायची.”

“आणि तलवार?”

“तलवार भिंतीवर राहील.”

पंधरा दिवस धाकोजी पोलादात वावरला. विहिरीचे पाणी शेंदले, लाकडे फोडली, किल्ल्याच्या पायऱ्या चढला, होडी किनाऱ्यावर ओढली. गावातली पोरे मागून कासव कासव म्हणत फिरली. पहिले चार दिवस त्याला फक्त संताप येत होता. पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आले, की आपण समजत होतो तेवढे हे जड नाही. भार सगळ्या अंगावर वाटून गेलेला असतो. माणूस यात धावू शकतो, वाकू शकतो, पडला तर स्वतःच उठू शकतो. पण शिरस्त्राणाचा पडदा खाली ओढला, की जग बोटभर फटीपुरते उरते, स्वतःचाच श्वास कानात घुमतो आणि थोड्याच श्रमाने छाती हवेसाठी तडफडू लागते. हे बाहेरून कधी दिसले नव्हते. बाहेरून दिसत होता तो न थकणारा पोलादाचा पुतळा.

सोळाव्या दिवशी चिलखत घासूनपुसून परत गेले. मग वस्तादांनी व्यापाऱ्याकडून ते जपानी चिलखत मागून घेतले. ते वेगळेच होते. लोखंडाच्या लहान लहान लाख लावलेल्या पट्ट्या, रेशमी दोऱ्यांनी एकमेकींना ओवलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. अंगात घातल्यावर ते शरीराबरोबर हलत होते. श्वास मोकळा, नजर मोकळी. धाकोजी खूश झाला. पण होडी ओढताना कमरेपर्यंत भिजला, तेव्हा रेशमाने पाणी पिऊन सारे अंग जड केले. आणि घशाशी, मांडीच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यावर ते कितीतरी उघडे होते.

रोज संध्याकाळी वस्ताद एकच प्रश्न विचारत. “दोन्हींत सारखं काय?”

“काहीच नाही,” धाकोजी म्हणे. “एक पेटी आहे आणि एक जाळं.”

“उद्या पुन्हा बघ.”

सहा दिवस हेच चालले. सामन्याला आठवडा उरला. धाकोजीला आता खरी भीती वाटू लागली होती. आपल्या हट्टापायी वस्तादांची तालीम जाईल, आणि ते एक शब्दही न बोलता काठी टेकत निघून जातील, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सातव्या दिवशी सकाळी तो त्या जपानी चिलखतातच किनाऱ्यावर जाळी वाळत घालत होता. उंच बांबूवर जाळे टाकण्यासाठी त्याने दोन्ही हात वर केले. समुद्रावरून वारा आला आणि घामेजल्या काखेत गार लागला.

धाकोजी तसाच उभा राहिला, हात वर करून. ही गार झुळूक त्याच्या ओळखीची होती. कोनरादच्या पोलादात लाकडे फोडताना कुऱ्हाड डोक्यावर नेली, की प्रत्येक वेळी नेमकी इथेच हवा लागत असे. तिथे पत्रा नव्हता, नुसती कड्यांची जाळी होती. तलवारीच्या टोकाला ती फार वेळ अडवू शकली नसती.

जाळे तिथेच टाकून तो पळत सुटला. वस्ताद तालमीच्या पायरीवर उन्हात बसले होते. धाकोजीने धापा टाकत त्यांच्यासमोर हात वर केला आणि काखेवर बोट ठेवले.

वस्तादांचा चेहरा सैल झाला. “आता तलवार काढ,” ते म्हणाले. “कुठली काढतोस?”

धाकोजीने क्षणभर भिंतीकडे पाहिले. तिथे वस्तादांची स्वतःची तलवारही होती. “तीच,” तो म्हणाला. “टवका उडालेली. वार करायचाच नाहीये, मग धारेचं काय अडलंय.”

त्या दिवशी वस्तादांनी व्यापाऱ्याला विचारून घेतलेली, त्या बेटांवरच्या योद्ध्यांची एक गोष्ट शिकवली, एकच. एकधारी तलवारीच्या बोथट पाठीवर डावा तळवा टेकवायचा आणि सबंध तलवारीचा आखूड भाला करायचा. उरलेले सहा दिवस धाकोजी तेवढेच करत राहिला.

सामन्याला शेजारच्या गावांतूनही लोक आले; मागच्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी झाली. कोनराद आला, त्याने पडदा खाली ओढला. इशारा झाला आणि धाकोजीने काहीच केले नाही. तो फक्त सरकत राहिला. कोनराद पुढे आला, की हा एक पाऊल तिरका. कोनराद थांबला, की हा टोकाने हुलकावणी देई आणि त्याला पुन्हा चालवी. ऊन चढत होते. प्रेक्षक कुजबुजू लागले. कोणीतरी म्हणाले, पोरगा घाबरला. देसाईणबाई सावरून बसल्या. धाकोजी मात्र कान देऊन ऐकत होता. पोलादाच्या आतून येणारा श्वास आधी लांब होता, मग आखूड झाला, मग खरखरू लागला. त्या फटीमागे आता काय दिसत असेल आणि काय दिसत नसेल, हे त्याला ठाऊक होते.

कोनरादचा धीर सुटला. सामना संपवावा म्हणून त्याने तलवार उलटी केली, दोन्ही पंजांनी पाते धरले आणि मुठीचा घण करून हात डोक्यावर नेले.

धाकोजी मागे हटला नाही. घण खाली येण्याआधी तो दोन पावले आत शिरला, इतका जवळ की दोघांच्या छातीत वीतभर अंतर उरले. डावा तळवा पात्याच्या पाठीवर, उजवी मूठ कमरेशी, आणि टोक कोनरादच्या उजव्या काखेत, कड्यांच्या जाळीला टेकून थांबलेले. एक धक्का, आणि ते आत गेले असते. धाकोजीने हात रोखला होता.

कोनराद डोक्यावर हात तसेच धरून पुतळ्यासारखा थांबला.  मग त्याने तलवार वाळूत टाकली, पडदा वर केला आणि घामाने निथळणाऱ्या चेहऱ्याने म्हणाला, “हरलो. भोक सापडलं.”

आणि मग जे झाले ते त्या बंदराने पुष्कळ वर्षे सांगितले. ताशे वाजू लागले, शिंगे फुंकली गेली. पहारेकऱ्यांनी धाकोजीला खांद्यावर घेतले. होड्यांवरचे लोक वल्ह्यांनी फळ्या बडवू लागले. मारल्या गेलेल्या पहारेकऱ्यांच्या बायका गर्दीत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने पुढे येऊन त्याच्या कपाळाला गुलाल लावला. खाली उतरल्यावर कोनरादने त्याला मिठी मारली. पोलादाची ती मिठी सोसताना धाकोजीच्या बरगड्या कळवळल्या.

“हा डाव माझ्या देशात जुने गुरू शिकवतात,” कोनराद म्हणाला. “वर उचललेल्या हाताखाली जायचं. तुला कोणी शिकवला?”

“तुमच्याच चिलखतानं,” धाकोजी म्हणाला.

लोकांनी पुन्हा त्याचे नाव घेतले, तसे त्याने दोन्ही हात उंचावून त्यांना अभिवादन केले. तेवढ्यात बरगडीला काहीतरी टोचले. वळून पाहतो तो वस्ताद. त्यांच्या काठीचे टोक त्याच्या काखेत होते. कोणाला कळण्याआधी काठी खाली गेली. धाकोजीने हात सावकाश खाली घेतले आणि वाकून वस्तादांचे पाय धरले.

व्यापारी गर्दीतून वाट काढत पुढे आला होता. त्याचे डोळे चमकत होते. “सिद्ध झालं ना वस्ताद, कुठली तलवार थोर ते? माझीच.”

“मागच्या महिन्यात हीच तलवार होती,” वस्ताद म्हणाले. मग त्यांनी दोन्ही तलवारी वाळूत शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या आणि जवळचे लोक आपोआप गप्प झाले.

“बाबांनो, कुठलीच तलवार एकटी जन्माला येत नाही. तिच्यासमोर कोणीतरी काहीतरी घालून उभं असतं, त्याला ती उत्तर असते. कोनरादच्या मुलखात लोखंड भरपूर. त्यांनी अंगभर पत्रा घडवला. पत्र्यावर धार चालेना, म्हणून तलवार सरळ झाली, टोकदार झाली, वाकून पुन्हा सरळ होणारी झाली, वेळ पडली तर उलटी धरायची झाली. त्या बेटांवरच्या लोहाराला वाळूतून लोखंड वेचावं लागे. त्यानं ते पुन्हा पुन्हा दुमडून ठोकलं, धार कठीण ठेवली, पाठ नरम ठेवली. चिलखताला पट्ट्या रेशमात ओवल्या. दोघांनी आपापल्या मातीला पुरेसं उत्तर दिलं. थोर कोण म्हणून कुणाला विचारायचं? पण एक बघा. हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी दोघांची विद्या शेवटी एकाच जागी पोचली. कारण माणसाचा हात सगळ्या मुलखांत खांद्यालाच जोडलेला आहे. हात उचलायचा असेल, तर काख बंद करून चालत नाही. जो हलतो तो कुठेतरी उघडा असतो. ते उघडेपण बाहेर उभं राहून दिसत नाही. समोरच्याच्या कातडीत शिरून, त्याच्याइतका घाम गाळून ते कळतं.”

कोनरादने मान हलवली. देसाईणबाई आसनावरून उठून वाळूत आल्या होत्या. “तालीम तुमचीच राहील, वस्ताद,” त्या म्हणाल्या.

“एक मागणं आहे,” वस्ताद म्हणाले. “कोनरादलाही तिथं शिकवू द्या. आपली माणसं का मेली, ते मला महिन्यापूर्वी ठाऊक नव्हतं. आता थोडं कळलंय. आम्ही त्यांना स्वतःचे हात शिकवले. समोर येणारा कशात वावरतो, काय वापरतो, ते कधी दाखवलंच नाही. ती चूक माझी.”

भर सभेत, विजयाच्या क्षणी, म्हातारा गुरू आपली चूक सांगत होता. धाकोजीला वाटले, आजचा सर्वांत अवघड डाव हाच होता.

पुढच्या वर्षी चाचे पुन्हा आले. मागच्या हल्ल्यात पकडलेल्या त्यांच्या एका होडीत सापडलेल्या ढाली आणि कातडी अंगरखे घालून पहारेकऱ्यांनी तोवर सहा महिने सराव केला होता. लढाई दुपारपर्यंतही चालली नाही. चाच्यांच्या तीन होड्या किनाऱ्याला लागल्या, उरलेल्या पाठ फिरवून गेल्या, आणि बंदराचा एकही माणूस पडला नाही. संध्याकाळी साऱ्यांनी एका पंगतीत बसून माशाचे कालवण ओरपले. वाढायला कोनराद होता. धाकोजी सर्वांत शेवटी जेवला.

आपणही आयुष्यभर समोरच्याची तलवार न्याहाळत बसतो. त्याचे चिलखत चार दिवस मागून आणावे, हे मात्र सुचत नाही.